गड, बाग आणि दरवाजा : जुन्नरच्या निजामशाहीची राजवास्तू

मध्ययुगीन दख्खनमध्ये रयतेला आपला राजा क्वचितच दिसे. दिसे ते त्याचे राहते ठिकाण: डोंगरावरचा तट, एकामागून एक उभे असलेले दरवाजे, आतल्या बागेतल्या झाडांचे शेंडे. ठरल्या प्रहरी वाजणारी नौबत तेवढी बाहेर ऐकू येई. राजवाडा ही राजाच्या राहण्याची सोय होती आणि त्याच्या सामर्थ्याची जाहीर वर्दीही होती. कोणाला कुठवर येऊ द्यायचे, कोणाला कुठे अडवायचे, दुर्मीळ पाणी कोणाच्या अंगणात खेळवायचे, हे सारे तिथल्या बांधणीतच ठरून जाई.

या वास्तुनीतीचा एक पुरा फेरा पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर-आंबेगावच्या मुलखात पाहायला मिळतो. १४९० मध्ये इथे निजामशाहीचा जन्म झाला. चार वर्षांत तिने मैदानावर नवे शहर वसवायला घेतले आणि पुढे तिथे बागा नि जलमहाल उभे केले. शंभर वर्षांनी ती राजधानी गेली आणि सल्तनत पुन्हा जुन्नरच्या डोंगरांच्या आश्रयाला आली. १६३६ मध्ये ती संपली तेव्हा तिच्या बालसुलतानाला राजवाडाच उरला नव्हता. राजाला दुर्लभ करणारी वास्तू त्याचा दबदबा वाढवते आणि कालांतराने राजाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसालाच राजाहून मोठे करते, हे या दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा घडले.

घाटवाटांचा मुलूख

जुन्नरचे महत्त्व तिथल्या वाटांमुळे आहे. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांत उतरलेला माल सह्याद्री चढून देशावर यायचा, तेव्हा नाणेघाट ही त्याची जुनी वाट होती. घाट चढला की कुकडीचे खोरे लागते आणि त्या खोऱ्यात जुन्नर. दक्षिणेला आंबेगावच्या बाजूने आहुप्यासारख्या घाटवाटा कोकणात उतरतात. घोड नदीच्या काठाने घोडेगाव आणि पुढे मंचरकडून माल व फौजा चाकणकडे जात. या वाटांवर नजर ठेवायला निसर्गानेच डोंगर उभे केले होते. जीवधन नाणेघाटाच्या माथ्यावर, चावंड आणि हडसर कुकडीच्या खोऱ्यात, नारायणगड पूर्वेला, आणि शहराच्या अगदी उशाशी शिवनेरी.

सत्तेचे प्रदर्शन वाटेवरच मांडायचे, ही रीत इथे फार जुनी आहे. सातवाहनांनी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात नाणेघाटाच्या तोंडाशी लेणे खोदले. राणी नागनिकेच्या लेखात राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने कोरली आहेत. मागच्या भिंतीवर राजकुळातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाट चढून दमलेल्या व्यापाऱ्याला देशावर पाऊल टाकताच राजघराण्याची ओळख व्हावी, अशी ही योजना. जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. शिवनेरीच्या कड्यांतही त्याच काळात लेणी आणि पाण्याची टाकी खोदली गेली. पुढे गडावर ज्यांनी ज्यांनी राज्य केले, ते याच टाक्यांचे पाणी प्यायले.

बिदरचा नमुना

१३४७ मध्ये दिल्लीच्या तुघलकांविरुद्ध बंड करून दख्खनच्या अमिरांनी दौलताबादेत बहमनी राज्य स्थापले. नव्या राज्याला वंशाची पुण्याई नव्हती; ती दरबाराच्या थाटातून उभी करावी लागली. दुसरा सुलतान पहिला मुहम्मदशाह याने दरबाराचे नियम बांधून दिले आणि दारात दिवसातून पाच वेळा नौबत वाजवण्याची प्रथा पाडली. तेलंगणाचा राजा कापय नायक याच्याकडून आलेले तख्त-ए-फिरोजा हे रत्नजडित सिंहासन दरबारात मांडले गेले आणि त्या घराण्याचे मानचिन्ह झाले. आधी गुलबर्गा आणि १४३० च्या सुमारास बिदर अशा राजधान्या झाल्या. बिदरच्या किल्ल्यातल्या तख्तमहालाच्या कमानींवर आजही वाघ आणि सूर्य ही राजचिन्हे दिसतात.

हा थाट परक्याच्या नजरेला कसा दिसे, याची नोंद अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. १४६९ च्या सुमारास तो चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पुढे बिदरला गेल्यावर त्याने सुलतानाच्या वाड्याचे वर्णन केले. वाड्याला सात दरवाजे होते. प्रत्येकात शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून बसत. आत जाणाऱ्याची नोंद होई, बाहेर पडणाऱ्याचीही होई. भिंतींवर कोरीव काम आणि सोन्याचा मुलामा इतका की अगदी शेवटचा दगडही त्यातून सुटलेला नव्हता, असे तो सांगतो. मुलाम्याने डोळे दिपत असतील, पण आलेल्या माणसाला त्याची पायरी दाखवून देई तो सात दरवाजांतला लेखी पहारा.

जुन्नरचे चित्र निकितीनने त्याआधीच रेखाटले आहे. शहर उंच खडकावर आहे, ते माणसाने बांधलेले नसून देवानेच घडवलेले आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारून चढू शकत नाहीत, असे तो लिहितो. तिथला अंमलदार असदखान. हत्ती-घोडे भरपूर असूनही हा खान माणसांच्या खांद्यांवरून फिरे, हेही निकितीनने टिपले आहे. याच खानाने निकितीनने विकायला आणलेला घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानातून आलेल्या ख्वाजा मुहम्मद नावाच्या वजनदार माणसाने मध्यस्थी केली म्हणून निकितीन सुटला. राजधानीपासून दूर, गडावर बसलेल्या अंमलदाराची सत्ता केवढी असे, हे या प्रसंगातून कळते.

शिवनेरीच्या किल्ल्या

हेच बळ बहमनी सुलतानांना खुपत होते. वजीर महमूद गावान याने राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ भाग केले. त्यात दौलताबाद तरफेतून जुन्नर वेगळे काढले गेले. एका तरफदाराच्या हाती एकच किल्ला राहील आणि बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार थेट सुलतानाकडून नेमले जातील, असा नियमही त्याने केला. या धोरणाने दुखावलेल्या सरदारांनी कट करून १४८१ मध्ये गावानचा घात केला. त्या कटातला एक प्रमुख म्हणजे मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी. तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला. लहानपणी युद्धात पकडला जाऊन मुसलमान झालेला.

मलिक हसनने आपला मुलगा मलिक अहमद याला जुन्नरला पाठवले. पण गावानने घालून दिलेली व्यवस्था आडवी आली. शिवनेरीवरच्या मराठा शिबंदीने गड द्यायला नकार दिला. सुलतान अजून अज्ञान आहे, तो जाणता झाल्यावर त्याच्याच हुकुमाने किल्ल्या देऊ, असे त्यांचे म्हणणे होते. मलिक अहमदने वेढा घातला. गड शरण आला तेव्हा आत पाच वर्षांचा वसूल साठलेला सापडला, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. त्या पैशाने फौज वाढली आणि चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर असे गड एकेक करून हाती आले. निजामशाहीची पायाभरणी शिवनेरीच्या खजिन्यावर झाली.

१४८६ मध्ये बिदरला मलिक हसन मारला गेला. मुलाने जुन्नरला राहूनच स्वतंत्र कारभार सुरू केला आणि बिदरहून आलेल्या फौजा परतवल्या. २८ मे १४९० रोजी त्याने जहांगीरखानाच्या छावणीवर अचानक छापा घालून बहमनी सैन्य उधळून लावले. या विजयानंतर निजामशाही राज्य स्वतंत्र झाले असे मानतात.

राजा होणे मात्र लढाई जिंकण्याइतके सोपे नव्हते. मलिक अहमदने खुतब्यात आपले नाव घातले आणि डोक्यावर पांढरे छत्र धरले. काल-परवापर्यंत बरोबरीने वागणाऱ्या सरदारांना हे रुचले नाही. त्यांनी तक्रार केली, तेव्हा त्याने खुतब्यातले नाव मागे घेतले आणि छत्र तर उन्हासाठी आहे, अशी सारवासारव केली. मग ते सर्वांनाच धरू द्या, असे सरदार म्हणाले. अहमदने तेही मान्य केले. फक्त सुलतानाच्या छत्रावर लाल कापडाचा तुकडा राहील आणि इतरांचे सबंध पांढरे असेल, असा भेद ठेवला. दख्खनमध्ये राजापासून भिकाऱ्यापर्यंत सारेच छत्री वापरतात, त्याचे मूळ फिरिश्ता या प्रसंगात दाखवतो. लाल तुकड्यापुरते राजेपण उरले, तर वेगळेपणा दाखवायला आणखी ठोस काही हवे होते. ते वास्तूने पुरवले.

सात दरवाजांची चढण

शिवनेरी हा बहुतेक बाजूंनी तुटलेल्या कड्यांचा, त्रिकोणी आकाराचा डोंगर. दक्षिणेला रुंद आणि उत्तरेला निमुळता होत जाणारा. त्या उत्तर टोकाला कडेलोटाची जागा आहे. पश्चिमेला कड्यातून चढणारी साखळीची वाट आहे, पण राजमार्ग सात दरवाजांतून जातो. आजची बांधकामे एका काळातली नाहीत. सातवाहन काळातली टाकी, सुलतानी काळातले दरवाजे आणि मशिदी, नंतरची मराठ्यांची भर असे थर एकमेकांवर बसले आहेत. तरी चढणीची रचना मूळ हेतू स्पष्ट सांगते.

एका दरवाजातून आत शिरलेल्या माणसाला पुढचा दरवाजा समोर दिसत नाही. वाट तटाला घासून वळते, वरच्या जंग्यांखालून जाते आणि अचानक दरवाजाशी येऊन थांबते. हत्ती दरवाजासारख्या ठिकाणी धडक मारायला लागणारी मोकळी धाव शत्रूला मिळू नये, अशी वळणे ठेवली आहेत. दरवाजांवर कोरलेली पशुशिल्पे येणाऱ्याला घराण्याचा दरारा सांगतात. युद्धकाळात ही रचना संरक्षणाची. शांततेच्या काळात तीच दरबारी शिष्टाचाराची. नजराणा घेऊन आलेला देशमुख किंवा व्यापारी प्रत्येक दरवाजाशी थांबे, परवानगीची वाट पाही आणि चढणीने दमून वर पोचेपर्यंत त्याची मान आपोआप खाली गेलेली असे.

वर गेल्यावर आधी लागतो धान्याचा अंबरखाना. पुढे गंगा-जमुना ही बारमाही पाण्याची टाकी, हमामखान्याचे अवशेष आणि कमानी मशीद. या मशिदीचे दोन मिनार एका मोकळ्या कमानीने जोडलेले आहेत. गडाच्या कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी असलेली ही कमान खाली जुन्नर शहरातूनही नजरेत भरते. मशिदीच्या खालीच पाण्याचे टाके आहे. कड्यावर पाणी, धान्य, नमाज आणि नौबत या चारही गोष्टी राजाच्या हाती आहेत, हे खालच्या बाजारपेठेला रोज दिसत होते.

बागेतले तख्त

गडाला एक मर्यादा होती. तिथे वेढा सोसता येई, पण मोठा दरबार भरवता येत नसे, हजारो घोडदळ ठेवता येत नसे आणि दौलताबादेवर सतत चाल करणेही अवघड होते. मलिक अहमद आता अहमद निजामशाह झाला होता आणि त्याला दौलताबाद हवे होते. १४९० ची लढाई जिथे जिंकली, त्या भिंगारजवळच्या जागेवर त्याने बाग आणि महाल उभारला होता. त्या बागेशेजारी, सीना नदीकाठी, १४९४ मध्ये त्याने नवे शहर वसवायला घेतले. जागा जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मध्यावर होती. दरवर्षी पिके तयार होण्याच्या सुमारास तिथून फौज पाठवून दौलताबादचा मुलूख उद्ध्वस्त करायचा, असा बेत होता. १४९९ मध्ये दौलताबाद पडले. शहराला राजाचे नाव मिळाले: अहमदनगर, आजचे अहिल्यानगर.

गडावरून बागेत उतरणे हे आत्मविश्वासाचे लक्षण होते. खडकाच्या आधाराशिवाय, सपाट मैदानावर राजा राहू शकतो, हे त्यातून सगळ्यांना कळत होते. इराण-खुरासानातून आलेले मुत्सद्दी, कवी आणि कारागीर दख्खनच्या दरबारांत मानाने वावरत होते. त्यांच्याबरोबर चौरस आखणीची बाग, अष्टकोनी महाल आणि जलमंदिराची कल्पना आली. हश्त बिहिश्त आणि फराहबाग ही तिची अहमदनगरातली उदाहरणे. फराहबाग १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. मोठ्या तलावाच्या मधोमध उंच जोत्यावर उभा असलेला हा महाल. मध्यभागी घुमटाचे उंच दालन आणि चहूबाजूंना उंच कमानी. वाऱ्याची झुळूक पाण्यावरून थंड होऊन आत यावी, अशी मांडणी.

या देखाव्यामागचे यंत्र पाण्याचे होते. अवर्षणाच्या या पट्ट्यात भोवतालच्या गावांकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरात आणले गेले. कापूरवाडीची योजना त्यांतली प्रसिद्ध. शेतकरी मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला असताना राजाच्या दारात कारंजे उडत असे. जुन्नरला सात दरवाजे जे काम करत होते, ते इथे पाण्याने केले. तलावाच्या काठापर्यंत कोणीही यावे; पाण्यापलीकडे बोलावणे आलेल्यानेच जावे. १५५९ पासून हुसेन निजामशाहाने किल्ल्याला भक्कम दगडी तट आणि खंदक केला, तेव्हा बाग आणि कोट यांची जोड पुरी झाली.

या व्यवस्थेचा तोटा पहिल्या मूर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत उघड झाला. तो वर्षानुवर्षे बागेतल्या महालात एकांतात राहिला. सरदारांना भेट मिळेना, फर्माने मात्र बाहेर येत राहिली आणि ती आणणाऱ्यांच्या हाती राज्य गेले. त्याचा वजीर सलाबतखान कर्तबगार होता म्हणून बराच काळ घडी नीट राहिली. तो दूर होताच कटकारस्थानांना ऊत आला आणि १५८८ मध्ये मूर्तझा आपल्याच मुलाच्या हातून मारला गेला. सुलतानाला दुर्मीळ करून दरारा वाढवणारी तीच भिंत आता सुलतानाला राज्यापासून तोडत होती.

पुन्हा जुन्नर

पुढच्या सात वर्षांत गादीवर माणसे भराभर बदलली. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशाह लढाईत पडला. सरदारांच्या एका गटाने दुसराच वारस पुढे केला आणि इब्राहीमचे तान्हे मूल बहादूर याला जुन्नरजवळच्या चावंडवर कैदेत ठेवले. राजवाड्याचा अर्थ इथे उलटा झाला. जो गड राजाला लोकांपासून वर उचलत होता, तोच राजाला लोकांपासून लपवायच्या कामी आला. निजामशाही घराण्यातल्या चांदबीबीने अहमदनगरला पडलेला मोगलांचा वेढा परतवून वऱ्हाड देण्याच्या अटीवर तह केला आणि बहादूरला चावंडवरून आणून गादीवर बसवले. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. एका गडावरची कैद संपून दुसऱ्या गडावरची सुरू झाली. याच धामधुमीच्या काळात मालोजी भोसल्यांकडे शिवनेरी आणि चाकण हे किल्ले आले.

राजधानी गेली तरी राज्य संपले नाही. हबशी सरदार मलिक अंबर याने परांड्याला दुसऱ्या मूर्तझाला गादीवर बसवले आणि १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. शतकापूर्वी सोडलेला डोंगरी मुलूख पुन्हा उपयोगी पडला. गनिमी काव्याने लढणाऱ्या अंबरला पाठीशी गड आणि पुढ्यात घाटवाटा हव्या होत्या. शहराच्या पूर्वेला हापूसबागेच्या परिसरात हबशी महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्याचे अवशेष आहेत आणि जवळच सौदागर घुमट हे भव्य थडगे. घुमटाच्या चारही भिंतींवर कमानींचे कोनाडे रांगेने चढत गेलेले आहेत; आत मात्र एकच उंच दालन. अंबरच्या काळात राजवाडी दिमाख गादीवरच्या सुलतानापेक्षा सरदारांच्या वास्तूंतून अधिक दिसू लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अंबरने हे अधिक उघडपणे केले ते खडकीला. १६१० पासून त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. भडकल दरवाजा, नौखंडा महाल आणि डोंगरातून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी ही सगळी कामे वजिराची. सुलतान नावाला राहिला. मूर्तझा जड जाऊ लागला तेव्हा अंबरने त्याला बाजूला करून दुसरा वारस गादीवर बसवला.

राजवाड्याविना राजा

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि राज्याचा आधार गेला. मोगल आणि आदिलशाही यांच्या कात्रीत निजामशाहीचे सरदार बाजू बदलू लागले. शहाजीराजे मोहिमांवर असताना जिजाबाई शिवनेरीवर राहिल्या आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी तिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. मुलूख दुष्काळाने आणि फौजांनी होरपळत असताना चांगले पाणी, भरलेले कोठार आणि सात दरवाजे असलेला गड हीच सर्वांत सुरक्षित जागा होती.

१६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि तिथल्या बालसुलतानालाही ग्वाल्हेर दाखवले. तेव्हा शहाजीराजांनी जीवधनवर ठेवलेल्या निजामशाही घराण्यातल्या मूर्तझा नावाच्या मुलाला बाहेर काढले आणि संगमनेरजवळ पेमगिरीला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार चालवला. तिथे कारंजे नव्हते, जलमहाल नव्हता. राज्य म्हणजे तो मुलगा आणि त्याच्याभोवतीचे गड, एवढेच उरले होते. तरीही तीन वर्षे शाहजहानच्या फौजांना झुंज द्यावी लागली. १६३६ मध्ये माहुलीला शहाजीराजांना शरण जावे लागले. बालसुलतान मोगलांच्या हाती गेला, जुन्नर आणि भोवतालचे गड द्यावे लागले आणि निजामशाही संपली.

मोगल अमलात जुन्नर हे सरहद्दीचे ठाणे झाले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्रीच्या वेळी शहराच्या तटावरून उतरून तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. शिवनेरी मात्र मोगलांकडेच राहिला. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य जुन्नरच्या मोगल अंमलदारांच्या बोलावण्यावरून इथे आला. गडाचे वळणावळणाचे सात दरवाजे त्याने पाहिले. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतका साठा गडावर आहे, अशी नोंदही त्याने केली. दोनशे वर्षांपूर्वी निकितीनला जी गोष्ट अरुंद वाटेतून कळली होती, ती फ्रायरला कोठारातून कळली.

पुढे गेलेला वारसा

निजामशाहीच्या दरबारात वाढलेल्या मराठा घराण्यांनी ही वास्तुभाषा आत्मसात केली आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली. ६ जून १६७४ रोजी ज्या रायगडावर राज्याभिषेक झाला, तिथे गड आणि राजधानी पुन्हा एक झाले. दुर्गम चढण, दरबारासमोरचा उंच नगारखाना, वाड्यालगतचा गंगासागर तलाव आणि आखीव बाजारपेठ या साऱ्यांची जुळणी एकाच डोंगरावर केली गेली. बागेतल्या एकांताला तिथे फारशी जागा नव्हती. सिंहासन नगारखान्याच्या थेट समोर होते.

अठराव्या शतकात पेशव्यांनी पुण्यात शनिवारवाडा बांधला. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये आला. तट, खिळ्यांचा दिल्ली दरवाजा, वर नगारखाना, आत चौकांची मालिका आणि पुढे हजारी कारंजे: घटक ओळखीचे होते. कात्रजहून नळाने आणलेले पाणी हा अहमदनगर आणि खडकीच्या नहरांचाच पुढचा अध्याय. धोकाही तोच राहिला. सवाई माधवराव लहानपणापासून वाड्यात वाढले, पेशवे म्हणून गादीवर बसले, पण कारभार नाना फडणविसांच्या हाती राहिला. १७९५ मध्ये ते वाड्यातच पडून दगावले. दरवाजा ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती राज्य, हा निजामशाहीतला अनुभव मराठेशाहीच्या वाट्यालाही आला.

जुन्नर परिसरातल्या राजवाड्यांचे अवशेष आज तुटक का दिसतात, याची कारणे या इतिहासातच आहेत. राजधानी इथे दोनदा आली, पण दोन्ही वेळा थोडीच वर्षे टिकली. वाड्यांच्या वरच्या मजल्यांचे लाकूड कुजले किंवा काढून नेले गेले, घडीव दगड नव्या बांधकामांत गेला आणि बागांची शेते झाली. १८१८ मध्ये शिवनेरी इंग्रजांच्या हाती गेल्यावर गडांचे लष्करी महत्त्वही संपले. टिकले ते मुख्यत: तीन प्रकारचे बांधकाम: चढणीवरचे दरवाजे, खडकातली टाकी आणि चुन्यात बांधलेले घुमट. म्हणजे प्रवेशावर ताबा ठेवणारे, पाणी साठवणारे आणि नाव मागे ठेवणारे. दख्खनच्या राजांनी सत्ता दाखवण्यासाठी ज्या गोष्टींवर सर्वांत जास्त भर दिला, त्या याच होत्या.